कर्करोग विभागातील परिचारिकेचा थकवा : लायकीचा प्रश्न की कामाच्या रचनेचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कर्करोग विभागात सहा वर्षे काम करणाऱ्या एका परिचारिकेने लिहिले आहे की पूर्वी ओळखीचा रुग्ण गेला की दोन-दोन दिवस घास उतरत नसे, आता मात्र काहीच वाटत नाही. ड्यूटीला निघताना छातीवर दडपण येते, नातेवाइकांनी तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की आवाज चढतो आणि सुटीच्या दिवशी भरपूर झोपूनही अंग जड राहते. वरिष्ठांनी ‘रुग्णांत एवढे गुंतू नका’ असा सल्ला दिला, रुग्णालयाने ताणमुक्तीचे एक शिबिर घेतले, पण दोन्हींचा उपयोग झाला नाही. आपण या कामाला लायक उरलो नाही का आणि विभाग बदलून घ्यावा का, असे त्यांना विचारायचे आहे. मी कर्करोग विभागात आधी परिचारिका म्हणून आणि नंतर प्रभारी म्हणून बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. तुमच्या लायकीचा इथे काही संबंध नाही. ज्याला या कामाचे काही वाटत नाही त्याला ‘मला काही वाटेनासे झाले आहे’ याची टोचणी लागत नाही. तुम्हाला ती लागली आहे, म्हणून तर तुम्ही लिहिले. तुम्ही वर्णन केलेली अवस्था परिचित आहे आणि तिचा अभ्यास गेली पन्नास वर्षे चालू आहे. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञांनी १९७४ मध्ये, मोफत दवाखान्यांत झोकून देऊन काम करणाऱ्या कार्यकर्त्यांची स्थिती सांगताना ‘बर्नआउट’ हा शब्द वापरला. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ती मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. त्यांनी तीन अंगे वेगळी केली : भावनिक शक्ती संपून जाणे, समोरच्या माणसांविषयी कोरडेपणा येणे आणि आपल्या हातून काही चांगले होत नाही असे वाटत राहणे. तुमच्या पत्रात ही तिन्ही आहेत. कर्करोग परिचारिकांवरील अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध झाले त्यात सुमारे ३० टक्के परिचारिकांमध्ये भावनिक थकवा तीव्र आढळला, तर कोरडेपणाचे प्रमाण त्याच्या निम्म्याच्या आसपास होते. म्हणजे दमलेल्यांपैकी अनेक जणी दमूनही रुग्णाशी मायेने वागत राहतात. तुमचा आवाज चढू लागला आहे याचा अर्थ स्वभाव बिघडला असा घेऊ नका. बराच काळ जे रेटून नेले, ते आता रेटले जात नाही, एवढाच त्याचा अर्थ.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या आणि २०२२ पासून अमलात आलेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ चाललेल्या आणि नीट हाताळल्या न गेलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती अशी तिची व्याख्या आहे. मला ही व्याख्या महत्त्वाची वाटते, कारण उगम कामाच्या ठिकाणी असेल तर उपाय फक्त परिचारिकेच्या श्वासोच्छ्वासात शोधून चालत नाही. तुम्हाला शिबिराचा उपयोग झाला नाही यात तुमचे काही चुकले नाही. ज्या गोष्टीमुळे तुम्ही दमता त्या गोष्टीला शिबिराने हातच लावला नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना मध्येच देते, कारण ती शेवटापर्यंत थांबवू नये. बर्नआउट आणि नैराश्य शेजारी शेजारी राहतात. बर्नआउटची झळ सुरुवातीला कामापुरती असते आणि चांगली रजा मिळाली तर थोडी तरी ओसरते. नैराश्य मात्र घरी, सणासुदीला, आवडत्या माणसांतही पाठ सोडत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन रमत नसेल, भूक आणि झोप बिघडली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, किंवा झोपेसाठी गोळी वा मद्य लागत असेल, तर हे उत्तर पुढे वाचण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. आपल्या कपाटात मॉर्फिन आणि झोपेची इंजेक्शने कुलपात असतात आणि त्या कुलपाची किल्ली आपल्याकडेच असते. म्हणून आपल्या व्यवसायात जगणे नकोसे झाल्याचा विचार मनात येऊन गेला तरी तो कुणालातरी सांगणे अत्यावश्यक आहे. ज्यांना सांगाल त्यांना तुमच्या नोकरीहून तुमचा जीव मोलाचा असला पाहिजे, मग ती मैत्रीण असो वा डॉक्टर.

आता कर्करोग विभागाचे वेगळेपण. शस्त्रक्रिया विभागात रुग्ण येतो, बरा होतो, जातो. आपल्याकडे केमोथेरपीचे चक्र बहुधा एकवीस दिवसांनी फिरते, तोच माणूस सहा-सहा महिने येत राहतो आणि आजार उलटला तर पुन्हा येतो. त्याच्या कोणत्या हाताची शीर अजून साथ देते, कोणत्या औषधाच्या नुसत्या रंगाने त्याला उमासे येतात, त्याच्या मुलीची परीक्षा कधी संपते, हे फाइल न उघडता तुम्हाला ठाऊक असते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या कक्षात तर रुग्ण कित्येक आठवडे काचेआड असतो आणि त्याला स्पर्श करणारे माणूस बहुतेक वेळा परिचारिकाच असते. नाते तयार होणे ही इथे परिचारिकेची निवड नसते, उपचाराच्या वेळापत्रकातूनच ते तयार होते.

त्याच हातांनी डोळ्यांत तेल घालून औषधे द्यायची असतात. डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर झिरपले तर आसपासचे मांस मरते. व्हिन्क्रिस्टिन फक्त शिरेतून द्यायचे असते, ते चुकून पाठीच्या मणक्यातून दिले गेले तर जवळपास नेहमीच जीव जातो. पॅक्लिटॅक्सेलची तीव्र प्रतिक्रिया आलीच तर बहुधा पहिल्या काही मिनिटांत येते, म्हणून तेवढा वेळ खाटेपासून हलता येत नाही. पांढऱ्या पेशी घसरलेल्या रुग्णाला ताप आला तर तासाभराच्या आत प्रतिजैविकाचा पहिला डोस गेला पाहिजे. ही सगळी दक्षता चालू असताना पलीकडच्या पडद्याआड एखादे कुटुंब रडत असते. एका पडद्यातून दुसऱ्या पडद्यात जाताना चेहरा बदलायला तुम्हाला जेमतेम चार पावले मिळतात. हा बदल एका ड्यूटीत कितीतरी वेळा होतो आणि कोणत्याही कार्यभार-तक्त्यात त्याची नोंद नसते.

तरीही माझे ठाम मत असे आहे की परिचारिका मृत्यू पाहून जेवढी दमते, त्याहून अधिक ती त्या मृत्यूपर्यंतची सेवा जशी द्यायला हवी तशी देऊ न मिळाल्याने दमते. नीट वेदनाशमन झालेला, घरच्यांच्या हातात हात असलेला, ज्याच्याशी जे बोलायचे ते बोलून झाले आहे असा मृत्यू परिचारिकेला दुःख देतो, पण पोखरत नाही. तिला पोखरते ते वेगळेच. तोंडावाटे मॉर्फिन दिल्यावर तासाभराने ‘आता कळ किती आहे’ हे विचारायचे असते हे माहीत असूनही त्या तासाभरात तीन नवे रुग्ण दाखल झाले आणि विचारायचे राहून गेले, ही जाणीव घरी सोबत येते. औषधाचा काही उपयोग होणार नाही हे सगळ्यांना दिसत असताना तिसऱ्या टप्प्याची केमो लावायची आणि ती लावणारे हात आपले असायचे, हे उरावर बसते. काय योग्य आहे हे कळते, पण अधिकार, वेळ किंवा यंत्रणा ते करू देत नाही, अशा कोंडीला अँड्रू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या नीतिशास्त्रावर लिहिताना ‘नैतिक यातना’ अशा अर्थाचे नाव दिले. कर्करोग विभागात ही कोंडी रोजची आहे.

त्यातला सर्वांत अवघड प्रकार माहितीचा असतो. स्कॅनचा अहवाल फाइलला लागलेला असतो, डॉक्टरांचे नातेवाइकांशी बोलणे झालेले असते, नातेवाइकांनी ‘त्यांना सांगू नका’ असे बजावलेले असते आणि रात्री दोन वाजता पोर्ट (औषधासाठी त्वचेखाली बसवलेला मार्ग) सिरिंजने धुताना रुग्ण हळू आवाजात विचारतो, ‘सिस्टर, या औषधाने आता काही होणार आहे का?’ खोटे बोलायचे नाही आणि खरे सांगायची परवानगी नाही. बहुतेक परिचारिका अशा वेळी ‘सकाळी डॉक्टरांना विचारा’ असे म्हणून सिरिंजकडे पाहतात आणि उरलेली रात्र त्या खाटेकडे जाणे टाळतात. पुढे हेच टाळणे सवयीचे होते, आणि बाहेरून ते कोरडेपणासारखे दिसते.

या प्रसंगी करण्यासारखे काही आहे आणि ते शिकता येते. हातातले काम थांबवावे, सिरिंज ट्रेमध्ये ठेवावी, शक्य असेल तर बसावे आणि विचारावे, ‘तुम्हाला स्वतःला काय वाटते आहे?’ रुग्ण बहुधा ‘आता बरे होणार नाही असे वाटते’ एवढे बोलतो, कारण त्याचे शरीर त्याला आपल्याआधी सांगत असते. त्यावर ‘असे बोलू नका’ म्हणू नये. ‘हे किती दिवसांपासून मनात आहे?’ आणि ‘सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?’ हे दोन प्रश्न पुरतात. उत्तर अनेकदा मृत्यूविषयी नसतेच, गुदमरण्याची भीती असते, कर्जाची काळजी असते, भांडलेल्या भावाला भेटायचे असते. मग ‘तुम्हाला जे जाणून घ्यायचे आहे ते मी सकाळी डॉक्टरांना तुमच्या शब्दांत सांगेन आणि त्या वेळी हजर राहण्याचा प्रयत्न करेन’ असे म्हणता येते, आणि तसेच शब्द नर्सिंग नोंदीत लिहिता येतात. रुग्णाने स्वतः विचारले आहे ही नोंद झाली की डॉक्टरांना आणि कुटुंबालाही तो विषय टाळणे अवघड जाते. तुम्ही निदान उघड केले नाही, खोटेही बोलला नाहीत, आणि तुमचा अधिकार न ओलांडता रुग्णासाठी एक काम पूर्ण केले. अशी एक रात्र मिळाली की थकव्याचा पोत बदलतो, हे मी अनेक सहकाऱ्यांच्या बाबतीत पाहिले आहे.

म्हणूनच ‘गुंतू नका’ हा सल्ला मला मान्य नाही, तो कितीही आपुलकीने दिलेला असला तरी. इझाबेल मेन्झिस यांनी लंडनमधील एका शिक्षण रुग्णालयातील परिचारिकांचा अभ्यास केला होता, तो १९६० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. तिथे परिचारिकेला रुग्णाचा त्रास होऊ नये म्हणून काम तुकड्यांत वाटलेले होते. एकीने सगळ्यांचे तापमान घ्यायचे, दुसरीने सगळ्यांच्या ड्रेसिंग करायच्या, आणि रुग्णाचा उल्लेख नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने किंवा बिघडलेल्या अवयवाने व्हायचा. हेतू मनाला वाचवण्याचा होता. परिणाम उलटा झाला. चिंता तशीच राहिली, आणि एका माणसाला आपण बरे केले किंवा त्याला नीट निरोप दिला हे समाधानही हातचे गेले. प्रशिक्षणार्थी परिचारिकांपैकी जवळपास एक तृतीयांश मुली अभ्यासक्रम पूर्ण न करताच जात होत्या. आजही ज्या विभागात कामाची वाटणी ‘आज तू इंजेक्शने, तू सलाइन’ अशी होते, तिथे परिचारिका अधिक लवकर कोमेजतात असे माझे निरीक्षण आहे. गुंतणे टाळता येत नाही. गुंतण्याच्या कडा मात्र ठरवता येतात : स्वतःचा खासगी फोन नंबर न देणे, पैशाचा व्यवहार न करणे, ड्यूटी संपल्यावर रुग्णाची चौकशी विभागाच्या क्रमांकावरूनच होईल हे आधीच सांगणे. या कडा स्पष्ट असल्या की आतली माया मोकळेपणाने वापरता येते.

आता मनुष्यबळाविषयी. त्याविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. परिचारिकेमागे एक जरी रुग्ण वाढला तरी तिला बर्नआउट असण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा तीस दिवसांतील मृत्यूचा संभव ७ टक्क्यांनी. तो अभ्यास कर्करोग विभागाचा नव्हता, पण आपल्याला जे कळते आहे तेच तो सांगतो : परिचारिकेचा थकवा आणि रुग्णाचा धोका एकाच मुळातून येतात. कॅलिफोर्नियात २००४ पासून किती रुग्णांमागे एक परिचारिका हवी याचे कायद्याने बंधन आले. तसे बंधन नसले तरी प्रभारी परिचारिकेच्या हातात काही गोष्टी असतात. डोकी मोजून वाटणी करण्याऐवजी रुग्णाची अवस्था पाहून वाटणी करणे ही त्यांतली पहिली. पहिल्यांदाच पॅक्लिटॅक्सेल घेणारा, मरणासन्न असलेला आणि प्रत्यारोपणानंतर ताप आलेला असे तिघे एकीकडे आणि आहार समजावून घरी पाठवायचे तिघे दुसरीकडे, ही समान वाटणी नव्हे. एकाच परिचारिकेकडे एका पाळीत दोन मरणासन्न रुग्ण शक्यतो देऊ नयेत, आणि लागोपाठ तीन पाळ्यांत मृत्यू पाहिलेल्या परिचारिकेला चौथ्या दिवशी दिवसाच्या केमो कक्षात घ्यावे, हे नियम करायला पैसा लागत नाही, वेळापत्रक नीट वाचणारे माणूस लागते.

वरिष्ठांशी कसे बोलावे हे तुम्ही थेट विचारले नाही, पण पत्रातून दिसते की तुम्ही ‘मी थकले आहे’ एवढेच सांगितले आणि समोरून सल्ला मिळाला. हे वाक्य ऐकणारा माणूस ते तुमच्या प्रकृतीविषयीचे वाक्य समजतो. पुढच्या वेळी दोन आठवड्यांची साधी नोंद घेऊन जा. कोणत्या पाळीत किती रुग्ण होते, कोणाची वेदना-तपासणी किती उशिरा झाली, औषधाची दुहेरी पडताळणी करायला दुसरी परिचारिका उपलब्ध नसल्याने किती वेळ थांबावे लागले, जेवणाची सुटी किती वेळा बुडाली, रुग्णाला किंवा नातेवाइकांना समजावून सांगायचे काय राहून गेले. नावे लिहू नका, खाटेचे क्रमांकही नकोत, फक्त काय राहिले ते लिहा. ही नोंद रुग्णसुरक्षेची भाषा बोलते आणि व्यवस्थापनाला तिच्याकडे दुर्लक्ष करणे जड जाते. शक्य असेल तर दोन-तीन सहकारिणींनी मिळून घ्या, म्हणजे ती एकीची तक्रार राहणार नाही. आणि मागणी एकच ठेवा, करता येण्यासारखी. केमोच्या दुहेरी पडताळणीसाठी ठरलेली परिचारिका मिळावी, किंवा कुटुंबाशी उपचार थांबवण्याविषयी बोलताना त्या रुग्णाच्या परिचारिकेला बैठकीत बसू द्यावे, एवढी.

ही दुसरी मागणी मला फार मोलाची वाटते. निर्णय ज्या खोलीत होतो तिथे परिचारिका नसेल तर तिला फक्त अंमलबजावणी करावी लागते, आणि नैतिक यातनेचा मोठा भाग तिथेच तयार होतो. याला जोडून उपशामक सेवेचा, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या सेवेचा विषय येतो. फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर जेनिफर टेमेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१० मध्ये आला. निदानानंतर लगेच उपशामक सेवा जोडलेल्या रुग्णांचे जगणे अधिक सुसह्य होते, नैराश्य कमी होते, शेवटच्या दिवसांतले आक्रमक उपचार कमी झाले, आणि तरीही ते सरासरी अधिक जगले : मध्यक आयुर्मान ११.६ महिने, तर नेहमीच्या उपचारांत ८.९ महिने. अभ्यास रुग्णांचा होता. पण ज्या विभागात उपशामक पथक पहिल्यापासून असते तिथे परिचारिकेला निरर्थक वाटणारी कामे कमी करावी लागतात, रात्री दोनच्या प्रश्नाला सकाळी उत्तर देणारे कुणीतरी असते, आणि हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तुमच्या रुग्णालयात असे पथक असेल तर त्यांना रुग्ण लवकर दाखवण्याची आठवण करून देणे हेही स्वतःच्या थकव्यावरचे काम आहे.

शोकाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण ‘आता काही वाटत नाही’ ही तुमची मुख्य व्यथा आहे. केनेथ डोका यांनी १९८९ च्या सुमारास अशा शोकाविषयी लिहिले ज्याला समाज शोक मानत नाही, ज्यासाठी रजा नसते, सांत्वनाला कोणी येत नाही. परिचारिकेचा शोक नेमका तसा आहे. रुग्ण जातो, शरीराची शेवटची काळजी तुम्ही घेता, नळ्या काढता, डोळे मिटवता, हनुवटीला पट्टी बांधता, कागद पूर्ण करता. स्ट्रेचर दाराबाहेर पडते न पडते तोच गादी पुसली जाते, नवी चादर येते, दाखल विभागाचा फोन येतो, आणि अर्ध्या तासात त्याच खाटेवर नवा माणूस बसलेला असतो. तो घाबरलेला असतो आणि तुमच्याकडे पाहत असतो. त्याला तुम्ही हसून पाणी विचारता. मन बधिर होणे ही या वेगावर शरीराने शोधलेली तोड आहे. ते बधिरपण कायमचे नसते. शोकाला थोडी जागा मिळाली की ते सुटू लागते आणि सुटताना आधी रडू येते, त्याची भीती वाटून घेऊ नका.

ती जागा विभागाने करून द्यायची असते. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जोनाथन बार्टेल्स या परिचारकाने एक साधी पद्धत सुरू केली. रुग्ण गेल्यावर त्या वेळी खोलीत असलेल्या सर्वांनी, डॉक्टरांसह, सुमारे मिनिटभर शांत उभे राहायचे, गेलेल्या माणसाचा आणि त्याच्यासाठी राबलेल्यांचा मान राखायचा. कुठल्याही धर्माची प्रार्थना नसल्याने कोणालाही ते जड जात नाही, आणि पुढे अनेक ठिकाणी ती पद्धत स्वीकारली गेली. केनेथ श्वार्ट्झ या फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेल्या वकिलांच्या नावाने १९९० च्या दशकात बॉस्टनमध्ये सुरू झालेल्या ‘श्वार्ट्झ राउंड्स’ मध्ये डॉक्टर, परिचारिका, सफाई कर्मचारी एकत्र बसतात आणि एखाद्या रुग्णाच्या बाबतीत उपचार काय झाले यावर न बोलता आपल्याला काय वाटले यावर बोलतात. तिथे वरिष्ठ डॉक्टरही ‘मला त्या मुलाच्या आईला तोंड दाखववेना’ असे म्हणताना ऐकले की तरुण परिचारिकेच्या मनावरचे निम्मे ओझे उतरते. एवढे मोठे आयोजन जमत नसेल तर पाळी बदलताना मृत्यूची नोंद सांगून झाल्यावर ‘त्या वेळी कोण होते, ती व्यक्ती ठीक आहे का’ हा एक प्रश्न हॅंडओव्हरमध्ये घालावा. एक इशारा मात्र देते : प्रत्येक मृत्यूनंतर सगळ्यांना सक्तीने बसवून त्याच दिवशी मन मोकळे करायला लावू नये. एकाच बैठकीच्या अशा सक्तीच्या संवादाने पुढचे मानसिक आघात टळतात असे संशोधनात दिसलेले नाही, काहींना उलट त्रास झाल्याचेही दिसले आहे. ज्याला बोलायचे आहे त्याला बोलता यावे, ज्याला त्या दिवशी नुसते घरी जायचे आहे त्याला जाता यावे.

स्वतःपुरत्या उपायांविषयी मी कमीच लिहिते, कारण ते तुम्हाला पुष्कळांनी सांगितले आहेत. झोपेला मात्र पहिला मान द्या. रात्रपाळ्या सलग दोन-तीनपेक्षा जास्त लागू नयेत आणि पाळी दिवसाकडून संध्याकाळकडे, संध्याकाळकडून रात्रीकडे अशी पुढे सरकावी, उलटी नको, अशी विनंती करा. रात्रपाळी संपल्यावर स्वतः गाडी चालवत लांब जाणे टाळा. सुटीच्या दिवशी विभागाचा ग्रुप बंद ठेवण्याचा अधिकार तुम्हाला आहे. आणि विभागातली एखादी अशी सहकारीण धरून ठेवा जिच्याशी ‘आज मी एका नातेवाइकावर ओरडले’ एवढे वाक्य लाज न वाटता बोलता येईल. ज्या नातेवाइकावर आवाज चढला त्याला दुसऱ्या दिवशी ‘काल माझा स्वर चढला, तुमचा प्रश्न रास्त होता’ एवढे सांगितले तरी चालते. बहुतेक माणसे समजून घेतात, आणि तुम्हालाही आपण पूर्वीच्याच आहोत असे वाटू लागते.

आता विभाग बदलण्याविषयी. रात्रपाळ्यांच्या शेवटी किंवा आवडत्या रुग्णाच्या मृत्यूनंतरच्या आठवड्यात हा निर्णय घेऊ नये. आधी सलग किमान दहा-बारा दिवसांची रजा घ्या, आणि रजेच्या शेवटच्या दोन दिवसांत स्वतःकडे लक्ष द्या. कामाची आठवण येऊन एखाद्या रुग्णाचे काय झाले असेल असे वाटले, तर तुमचे नाते या कामाशी शाबूत आहे आणि बदल कामाच्या रचनेत हवा आहे. रजेनंतरही नुसत्या केमोच्या वासाने पोटात गोळा येत असेल, औषध तपासताना लक्ष उडत असेल, किंवा रुग्णाचा राग येत असेल, तर थांबू नका, बदल मागा. लक्ष उडणे हे कर्करोग विभागात सर्वांत गंभीर लक्षण आहे, कारण तिथे चूक माफ होत नाही.

बदल मागताना ‘कायमची बदली’ असे लिहिण्याऐवजी सहा महिन्यांसाठी मागा आणि परत येण्याची मुभा अर्जात नोंदवून घ्या. तुमचे सहा वर्षांचे ज्ञान वाया जाणार नाही अशा जागा असतात : केमोचा डे-केअर कक्ष, पोर्ट आणि शिरामार्गांची काळजी घेणारे पथक, वेदनाशमन बाह्यरुग्ण विभाग, संसर्ग नियंत्रण, नव्या परिचारिकांचे प्रशिक्षण. प्रशिक्षणाची जागा मिळाली तर ती घ्यावी असे मी सुचवेन. रात्री दोन वाजता विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाला काय म्हणायचे हे पुस्तकात नीट सापडत नाही, आणि नव्या मुलींना ते पहिल्याच महिन्यात लागते. अर्जावर कारण लिहिताना ‘वैयक्तिक’ असे लिहू नका. ‘सहा वर्षे सलग आंतररुग्ण कर्करोग विभागातील कामानंतर नियोजित बदल’ असे लिहा, आणि तुमच्या नोंदींची एक प्रत सोबत जोडा.